शिशाचा मासा, जरीची झालर

अर्शद या जुम्म्यालाही पहाटे समुद्रावर गेला आणि दुपारी कोंबडी घेऊन घरी आला.

कोंबडीला शरीफुन्निसाची हरकत नव्हती. हरकत होती वेळेला. नेमकी त्याच घडीला बिल्किस हॉलमध्ये, सोफ्याच्या चांगल्या बाजूला, चहाचा कप घेऊन बसली होती. बिल्किस जयगडच्या खाडीच्या पलीकडच्या काठची, शरीफुन्निसा अलीकडच्या. मधलं पाणी केवढं, तर या काठावर कुणी शिंकलं तर त्या काठावर ऐकू जावं. त्या पाण्यावरून दोन्ही गावांनी एकमेकांना पिढ्यान्‌पिढ्या काय काय ऐकवलं होतं, ते विचारू नये. आता बिल्किस मुलाकडे बहारिनला, मनामात राहायची. शरीफुन्निसा व्हिजिट व्हिसावर मुलाकडे माहूजला आली होती. मधे खाडी उरली नव्हती, नुसता टॅक्सीचा रस्ता होता. त्यामुळे येणं-जाणं वाढलं होतं आणि ऐकवणंही.

शरीफुन्निसाने पिशवीत डोकावून पाहिलं.

"ही कुठल्या खडकाखाली मिळाली?"

अर्शद एका लिफ्टच्या कंपनीत सुपरवायझर होता. हाताखाली माणसं होती, त्यांच्यावर तो तीन भाषांत ओरडायचा. आईपुढे मात्र त्याची एकही भाषा चालत नसे. त्याने रॉड भिंतीला टेकवला आणि दोन्ही हात पसरले.

"एक लागला होता, अम्मा. हामूर. एवढा. वर येता येता सुटला."

"गेलेला मासा नेहमी मोठाच असतो," शरीफुन्निसा म्हणाली. "वीतभर मासा सुटला म्हणून सांगत आलेला माणूस मी अजून पाह्यला नाय."

बिल्किस चहात हसली. ते शरीफुन्निसाला लागलं. आपल्या पोराला आपण बोलावं. त्यावर दुसऱ्याने हसणं म्हणजे आपल्या ताटातला तुकडा उचलून खाण्यासारखं. विषय बदलावा म्हणून तिने अर्शदच्या खांद्यावरची पेटी टीपॉयवर ठेवायला लावली. तिथेच चुकलं.

पेटीत जिग होते. जिग म्हणजे शिशाचा बोटभर मासा. त्याला रंग, त्याला रंगवलेला डोळा, पोटाखाली गळ आणि मागे रबराची झुलती शेपटी. आमिष लावायचंच नाही. नुसतं हे शिसं तळापर्यंत सोडायचं, हिसका देऊन उचलायचं, पुन्हा सोडायचं. खाली पडताना ते जखमी माशासारखं दिसतं आणि मोठा मासा त्यावर झडप घालतो. ही विद्या अर्शदला नझीरने शिकवायला घेतली होती. नझीर तुबलीच्या एका गॅरेजमधला, मूळचा रायगडचा. खाडीतल्या जिताड्याशिवाय दुसऱ्या माशाला तो मनातून मासाच मानत नसे. पेटीही त्याचीच होती. जपानहून मागवलेली, शिकेपर्यंत वापर म्हणून दिलेली.

शरीफुन्निसाचं जिगबद्दलचं मत ठरलेलं होतं. शिसं खाणारा मासा घरात आला तरी ती शिजवणार नव्हती. ज्याला स्वतःच्या जेवणातलं कळत नाही, त्याची चव ती काय असणार.

बिल्किसने मात्र वाकून पेटी पाहिली. "किती सुंदर!" ती म्हणाली.

आणि बिस्कीट उचललं.

शरीफुन्निसा वाट बघत राहिली. कुणाच्या वस्तूचं कौतुक केलं की मागोमाग माशाल्ला म्हणायचं, नाहीतर वस्तूला नजर लागते, हे खाडीच्या दोन्ही काठांना ठाऊक. बिल्किसने बिस्कीट बुडवलं, खाल्लं, ओठ पुसले. माशाल्ला आलं नाही.

"आपा, जाऊ द्या त्याला," ती उलट म्हणाली, "हवा खायला जात असेल. आमच्या पोराला तेवढीपण फुरसत नाय. आणि आता मासे बाजारात मिळतात की. तुमच्याकडे तरी कोण आता खाडीकाठचं राह्यलंय."

शरीफुन्निसाची शाळा तिसरीत सुटली होती, पण माशाचं कल्लं उघडलं की तो कुठल्या पाण्यातला, जाळ्यातला की गळाचा आणि विकणारा किती खोटं बोलतोय, हे ती वाचू शकायची. तिच्या बापाचा मचवा होता. तिला खाडीकाठची नाही म्हणणं म्हणजे तिच्या बापाला कोरड्या जमिनीवर उभं करणं.

"येत्या जुम्म्याला संध्याकाळी, मगरिबच्या नमाजानंतर ये," ती म्हणाली. "माज्या पोराने हाताने धरलेला हामूर वाढते तुला. बाजारातला मासा माज्या ताटात दिसला, तर मला खाडीकाठची म्हणू नको. पुन्हा कधीच म्हणू नको."

"येते की," बिल्किस उठत म्हणाली. "एकटी कशाला, आपल्या काठांवरच्या सगळ्याच बायकांना घेऊन येते."

दार लागल्यावर अर्शदने कोंबडीची पिशवी हातात घेऊन बराच वेळ आईकडे पाहिलं. आता सांगून उपयोग नव्हता. शब्द गेला होता आणि शरीफुन्निसाचा शब्द परत यायची सवय नसलेला होता.

आठवडाभर तिने विचार केला. समुद्र भरलेला, पोरगा हुशार, नझीर जाणता, गळ नवेकोरे. मग मासा का येत नाही? चार गोष्टी चांगल्या असून पाचवी होत नसेल तर कारण एकच राहतं. गुरुवारी अर्शद कामावर गेला, त्याची बायको अदीबा कपड्यांना इस्त्री करायला बसली, आणि शरीफुन्निसाने जिगांची नजर उतरवायला घेतली.

गावी चूल होती. इथे तिने गॅसवर कोळसा लाल केला आणि अदीबाच्या शोकेसमधली मबखर काढली. मबखर म्हणजे ऊद जाळायची इथली धुपाटणी, नक्षीची, अदीबाने कधी न वापरलेली. सुनेच्या शोकेसमधल्या वस्तू कधीच वापरल्या जात नाहीत, हेही शरीफुन्निसाचं एक जुनं दुखणं होतं. तिने मीठ, मोहरी आणि लाल मिरच्या मुठीत घेऊन पेटीवरून ओवाळल्या आणि निखाऱ्यावर टाकल्या.

ठसका लागला नाही.

मिरची जळून ठसका लागला नाही, म्हणजे नजर मोठी. ती थोडी घाबरली, थोडी खूशही झाली. बिल्किसबद्दलचा तिचा अंदाज बरोबर ठरला होता. तिने आणखी मिरच्या टाकल्या. तरी ठसका नाही. या सुपरमार्केटच्या पाकिटातल्या मिरच्या रंगालाच लाल असतात, हे तिच्या लक्षात यायला हवं होतं, पण त्या वेळी तिच्यापुढे बिल्किसचं बिस्कीट होतं. गावाहून आणलेल्या घरच्या मिरच्यांचा डबा तिने फडताळातून काढला, मूठभर उचलल्या, निखाऱ्यावर घातल्या आणि धूर आतपर्यंत लागावा म्हणून उघडी पेटी मबखरच्या तोंडावरच ठेवली.

मग ठसका आला. तो आधी शरीफुन्निसाला आला, मग आतल्या खोलीत अदीबाला, मग दाराखालून जिन्यात गेला आणि समोरच्या फ्लॅटला आला. शेवटी तो छतावरच्या त्या पांढऱ्या गोल वस्तूला आला, जी शरीफुन्निसा इतके दिवस बंद पडलेला दिवा समजत होती.

सगळी इमारत किंचाळायला लागली. अदीबाने सासूला हाताला धरून जिन्याने खाली नेलं. रस्त्यावर सगळे मजले उभे होते, कुणी डोळे पुसत, कुणी कणकेच्या हाताने. रखवालदार केरळचा, तो नाकाला रुमाल लावून हिंदीत विचारत होता की मिरची कुणी जाळली. शरीफुन्निसाने सगळ्यांबरोबर मान हलवून आजकालच्या बायकांना काही कळत नाही असं मत दिलं आणि आकाशाकडे पाहिलं. अदीबाने जमिनीकडे पाहिलं.

इमारत शांत होऊन वर जायला मिळेपर्यंत बराच वेळ गेला. तेवढ्यात निखाऱ्याने आपलं काम केलं होतं. रबराच्या सगळ्या शेपट्या वितळून एकमेकींत मिसळल्या होत्या आणि पेटीच्या तळाशी भाताच्या खरपुडीसारखा रंगीबेरंगी थर बसला होता. शिशाचे मासे तेवढे शाबूत होते, काळवंडलेले, डोळे गळालेले.

"नझीरभाईंची पेटी," अदीबा एवढंच म्हणाली आणि पलंगावर बसली.

"नजर किती होती ते बघ," शरीफुन्निसा म्हणाली.

दुकानातून नवे आणायचे तर कुठलं दुकान, कोण जाणार आणि काय म्हणून मागणार, हे दोघींनाही माहीत नव्हतं. शेपटी हवी, झुलणारी, चमकणारी, पाण्यात हलणारी. शरीफुन्निसा उठली आणि सुनेच्या कपाटातल्या सगळ्यात खालच्या कप्प्यातून आपली शादीतली ओढणी काढून घेऊन आली. तिने ती अदीबाला लग्नात दिली होती. अदीबाने ती मलमलच्या कापडात गुंडाळून ठेवली होती आणि ती कधी अंगावर घेत नाही, याचा हिशेब शरीफुन्निसा मनात ठेवून होती. ओढणीच्या काठाला जरीची झालर होती, जुनी, खऱ्या कामाची.

"अम्मा, ती नको," अदीबा म्हणाली.

"का? तू तर घेतच नायस."

"फाटेल म्हणून घेत नाय," अदीबा म्हणाली. "तुमची एवढीच एक वस्तू हाय माज्याकडे."

शरीफुन्निसाची कात्री जरा थांबली. हे उत्तर तिच्या हिशेबात नव्हतं. मग तिने झालर एका बाजूनेच कापली, दुसरी तशीच ठेवली, आणि दोघी जमिनीवर बसून शिशाच्या एकेका माशाला जरीचे पदर बांधत राहिल्या. गाठ शरीफुन्निसाच्या बापाची होती. मचव्यावर जाळ्याला शिसं बांधायची. अदीबाला ती दुसऱ्या वेळेलाच जमली. शरीफुन्निसाने ते पाहिलं, पण बोलून दाखवलं नाही. सुनेचं कौतुक तोंडावर केलं की पुढे महागात पडतं.

संध्याकाळी अर्शदने पेटी उघडली आणि दारातच उभा राहिला.

"हे काय हाय, अम्मा?"

"लग्नाला चाललेत," ती म्हणाली. "आणि वऱ्हाडासोबत उद्या मीपण येते. नझीर रागावला तर तुला बोलेल. मला बोलायची त्याची हिंमत नाय."

पहाटे धक्क्यावर नझीर रबराचे बूट घालून उभा होता. होडीचा नोखदा एक म्हातारा बहारिनी होता, डोक्यावर गुत्र्याचा पांढरा रुमाल, हातात चहाचा पेला. नोखदा म्हणजे आपला नाखवाच, हे कळल्यावर शरीफुन्निसाला पहिल्यांदा या देशात काहीतरी रीतीचं आहे असं वाटलं. तिने बुरख्यावर नारंगी जॅकेट चढवलं आणि कुणाला न विचारता मधली जागा घेतली. म्हाताऱ्याने तिला उम्म अर्शद म्हणून सलाम केला, म्हणजे अर्शदची आई. तोही मान तिला पटला.

किनारा मागे पडल्यावर नझीरने पेटी उघडली. त्याने एक जिग उचलला. जरीची झालर वाऱ्यावर चमकली. त्याने तो उलटसुलट करून पाहिला.

"खाला," शेवटी तो फार अदबीने म्हणाला, "हे जपानचे होते."

"जपानला कळव," शरीफुन्निसा म्हणाली, "शेपट्या कच्च्या हायत."

होडी थांबली तेव्हा सूर्य नुकताच वर आला होता. पाणी खाडीसारखं गढूळ नव्हतं. हिरवं, काचेसारखं, इतकं स्वच्छ की शरीफुन्निसाला आत बघायला लाज वाटली. दुसऱ्याच्या घराच्या उघड्या खिडकीतून बघावं तसं. नझीर आणि अर्शदने जिग सोडले. उचल, सोड, उचल, सोड. दोघेही असा जोर लावत होते की होडी हलत होती. मछली मफी, नोखदा अधूनमधून म्हणायचा, म्हणजे मासा नाही. ऊन चढायला लागलं. जुम्म्याच्या नमाजाआधी परतायचं होतं. शरीफुन्निसाच्या डोळ्यांपुढे रिकामं ताट आणि त्याभोवती बसलेल्या बायका यायला लागल्या.

"कळशी बुडवायची हाय तुम्हांला," ती वैतागून म्हणाली, "विहीर उपसायची नाय. आण तो रॉड इकडे."

पहिल्या खेपेला तिने इतक्या रागाने उचललं की जिग पाण्याबाहेर आला, डोक्यावरून गेला आणि नोखदाचा गुत्रा घेऊन समुद्रात पडला. म्हाताऱ्याचं टक्कल उन्हात चमकलं. नझीरने दुसरीकडे पाहिलं. अर्शदने डोळेच मिटले. शरीफुन्निसाने रीळ फिरवून गुत्रा वर काढला, पिळला, घडी केली आणि दोन्ही हातांनी म्हाताऱ्याला दिला. त्याने तो ओलाच डोक्याला बांधला.

"थंडा है," तो म्हणाला. "यल्ला, उम्म अर्शद, फिर से."

दुसऱ्या खेपेला तिने घाई केली नाही. गळाचं नायलॉनचं तंगूस बोटावरून सुटत गेलं. लहानपणी वाडीच्या विहिरीत ती अशीच दोर सोडायची. विहीर खोल, अंधारी, पाणी दिसायचं नाही. पण कळशी पाण्याला टेकली की दोर हातात सैल पडायचा, आणि त्या सैल पडण्यावरूनच खाली पाणी आहे हे कळायचं. मग एक छोटा हिसका, की कळशी कलंडायची, भरायची. जिग तळाला टेकला आणि तंगूस सैल पडलं. तिने छोटा हिसका दिला. सोडलं. सैल. पुन्हा हिसका. पुन्हा सैल. वरून न दिसणाऱ्या कुठल्याशा अंगणात तिच्या शादीची झालर एकटीच उडत होती, बसत होती.

मग एकदा तिने सोडलं, आणि तंगूस सैल पडलं नाही.

ती थांबली. जिथे तळ असायला हवा होता, त्याच्या आधीच काहीतरी होतं. ओढत नव्हतं, झटके देत नव्हतं, नुसतं होतं. समुद्राने खालून तिचा हात धरावा आणि कोण आहे म्हणून विचारावं, तसं. मग ते निघालं.

रॉड वाकला. रीळ किंचाळलं. शरीफुन्निसा बाकावरून उठली नाही, ती उठवली गेली. अर्शदने तिला जॅकेटच्या पट्ट्याने मागून धरलं, नझीर काहीतरी शिकवायला लागला, आणि म्हाताऱ्या नोखदाने हात वर करून त्याला गप्प केलं. मासा ओढू लागला की ती सोडायची. तो दमला की ती घ्यायची. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं आणि शिकवायची गरजही नव्हती. चाळीस वर्षं तिने नवरा असाच सांभाळला होता.

किती वेळ गेला, तिला सांगता येणार नाही. हात आपले राहिले नव्हते. मग हिरव्या पाण्यात खाली एक अंधार दिसला. तो वर यायला लागला, आणि वर येता येता मोठा होत गेला. थांबेल असं वाटेल तिथे थांबला नाही, आणखी मोठा झाला. होडीला लागून तो वर आला.

हामूर. आपल्याकडचा गोबराच, पण असा गोबरा तिच्या बापाच्या मचव्याने कधी आणला नव्हता. अंगावर तपकिरी ठिपके, कुणी एकेक बसून काढावेत तसे. खालचा ओठ पुढे काढलेला, रागीट, खानदानी. ओठाच्या कोपऱ्यातून जरीची झालर लोंबत होती, दुलह्याच्या सेहऱ्यासारखी. त्याचा डोळा वळला आणि शरीफुन्निसावर थांबला. घाबरलेला नव्हता तो डोळा. आपल्या घरात ही कोण बाई आली, असं विचारणारा होता. आयुष्यभर तिने हजारो माशांचे डोळे पाहिले होते, ताजा की शिळा ते बघायला. या डोळ्याने तिला पाहिलं होतं.

नझीरच्या हातातली जाळी तशीच राहिली होती. जिताडा तो विसरला होता.

"किती सुंदर," शरीफुन्निसा म्हणाली.

आणि पुढचा शब्द तिला सुचलाच नाही. तोंड उघडंच राहिलं.

तंगूस तुटल्याचा आवाज अगदी बारीक होता, शिवताना दोरा तुटतो तेवढा. मासा घाईने गेला नाही. तो जागच्या जागी फिरला, झालर चमकली, आणि तो खाली, आणखी खाली, आपल्या हिरव्या घरात उतरत गेला. पाणी मिटलं.

"माशाल्ला," म्हातारा नोखदा हळूच म्हणाला. पण ते आता त्याचं म्हणणं होतं, तिचं नाही.

धक्क्यावर नझीरने उरलेले जिग पेटीत लावून पेटी अर्शदच्या हातात दिली आणि शरीफुन्निसाला विचारलं, "खाला, ती झालर अजून हाय का घरी?"

घरी मसाल्याचा वास सुटला होता. अदीबाने एकदा दोघांच्या रिकाम्या हातांकडे पाहिलं आणि सासूला स्वयंपाकघरात नेलं. परातीत हामूर होता. चांगला हाताएवढा, ताजा. ती सकाळीच मनामाच्या बाजारात जाऊन आली होती.

"कुणाला कळणार नाय, अम्मा," ती म्हणाली.

शरीफुन्निसाने सवयीने कल्लं उघडलं. लाल, पाणीदार. पोट कडक. मासा निवडायला ही कधी शिकली, देव जाणे. मग तिची नजर ओठावर गेली. ओठाच्या कोपऱ्यात एक भोक होतं, अगदी गळाचं असावं तिथेच.

"हे?"

"सळईने पाडलं," अदीबा खाली मान घालून म्हणाली. "बिल्किसखाला बघणारच की."

शरीफुन्निसाने आयुष्यात पहिल्यांदा सुनेकडे असं पाहिलं, जसं धक्क्यावर झालर मागताना नझीरने तिच्याकडे पाहिलं होतं. पण बोलली एवढंच की मीठ जपून घाल.

मगरिबनंतर बायका आल्या. दोन्ही काठांवरच्या, हॉल भरून. दस्तरखान पसरलं, भाकऱ्या आल्या, आणि मधोमध डोक्यासकट हामूर आला. बिल्किसने आपल्या बाजूला परात ओढली. कल्लं वाकवून पाहिलं. मग बोटाने ओठ उचलला, भोक पाहिलं, आणि तिचा चेहरा उतरला. अदीबाने श्वास सोडला. अर्शद दाराआड उभा होता. त्याने भिंतीला डोकं टेकलं.

"गळाचाच हाय," बिल्किसने सगळ्यांना ऐकू जाईल असं कबूल केलं. पलीकडच्या काठची असली तरी माशाच्या बाबतीत ती खोटं बोलत नसे. "आपा, तुम्ही जिंकलात. एवढा मोठा हामूर घरात धरून आणलेला मी नाय पाह्यला. माशाल्ला."

हेच ऐकायला शरीफुन्निसा आठवडाभर जगली होती. आता फक्त मान थोडी वर करायची आणि भाकरी पुढे सरकवायची होती. तिने परातीतल्या माशाकडे पाहिलं. त्याचा शिजलेला पांढरा डोळा कुणाकडेच बघत नव्हता.

एवढा मोठा. हा.

"हा बाजारातला हाय," ती म्हणाली.

अदीबाच्या हातातला डाव परातीच्या कडेवर आपटला.

"अदीबाने आणला. भोकपण तिनेच पाडलं, आणि काय पाडलंय, तुज्यासारखी फसली. पण याला मोठा म्हणू नको, बिल्किस. मोठा मी आज पाह्यला. याच्यासारखे त्याच्या पोटात बसतील." तिने सांगायला सुरुवात केली. हिरवं पाणी, सैल न पडलेलं तंगूस, ठिपके, ओठातली झालर, तो डोळा. सांगता सांगता तिचे दोन्ही हात पसरले, पुरेनात, म्हणून तिने अर्शदला दाराआडून बोलावून पलीकडे उभं केलं आणि स्वतः सोफ्यापर्यंत मागे सरकली. "एवढा," ती म्हणाली.

बिल्किसने एकदा आईकडे पाहिलं, एकदा लेकाकडे. तिचा चेहरा हळूहळू उजळत गेला.

"गेलेला मासा नेहमी मोठाच असतो, आपा," ती म्हणाली.

सगळ्या बायका हसल्या. अर्शदही हसला, त्याला हसू आवरलं नाही, आणि नवल म्हणजे आईने त्याच्याकडे पाहिलंही नाही. ती अजून हात पसरून उभी होती. खाडीकाठची असण्याचा मान तिने सगळ्यांदेखत स्वतःच्या हाताने सोडला होता, आणि तो गेल्याचं तिच्या तोंडावर कुठेच दिसत नव्हतं. तिने पहिल्यांदाच वाकून दुसऱ्या कुणाच्या तरी मोठेपणापुढे मान लववली होती, आणि तो कुणी समुद्राच्या तळाशी झालर तोंडात धरून पडला होता.

जेवण छान झालं. मासा संपला. बायका निघाल्या, तेव्हा बिल्किस चपला घालायला मुद्दाम मागे राहिली.

"आपा," तिने हळूच विचारलं, "ते सैल पडायचं होतं, आणि पडलं नाय. तेव्हा हाताला कसं लागलं?"

शरीफुन्निसाने तिचं मनगट धरलं. खूप घट्ट नाही, ओढलंही नाही. नुसतं धरलं. बिल्किस उंबऱ्यातच थांबली. मग जिना उतरली.

सगळं आवरल्यावर शरीफुन्निसा फडताळातून मिरच्यांचा डबा घेऊन बाहेर आली. तो डबा बघताच अदीबाने हॉलच्या खिडक्या उघडल्या आणि अर्शद जिगांची पेटी उचलून दाराकडे सरकला.

"अम्मा, आता कुणाची नजर? अर्शदची?"

"त्याला कोण नजर लावतंय," शरीफुन्निसा म्हणाली. "त्याची." तिने हनुवटीने इमारतींच्या पलीकडे, जिकडे समुद्र होता तिकडे दाखवलं. "मी त्याला सुंदर म्हटलं आणि तोंडातून माशाल्ला निघालं नाय. म्हणून तर तो गेला. आणि आता एवढ्या बायकांच्या तोंडी त्याचा आकार गेलाय. त्याला काही झालं तर?"

मबखर घेऊन ती बाल्कनीत गेली. मीठ, मोहरी आणि गावच्या मिरच्यांची मूठ तिने समुद्राच्या दिशेने ओवाळली आणि निखाऱ्यावर टाकली.

"माशाल्ला," ती म्हणाली. मग खात्री असावी म्हणून आणखी एकदा.

वाऱ्याने धूर आत वळवला. खाली रखवालदाराने वर पाहिलं, नाकाला रुमाल बांधला, आणि बाहेर येणाऱ्या माणसांसाठी इमारतीचं मोठं दार उघडून धरलं.